उकळत्या खळीवरचा थेंब

माझ्या नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक वाक्य आहे: पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकावा, निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे, न आला तर नाही. परवा बोरगाव मेघेच्या आमच्या घरी ती ओट्यावर बसून हेच वाक्य घोकत होती. मी आतून ओरडलो, "चूक आहे ते! अर्धवट आहे!" पोरगी दचकली. सून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, पुस्तकात छापलंय." छापलं असेल! छापणाऱ्याचं काय जातं? या एका वाक्यापायी आमच्या गिरणीत एका माणसाला चोर ठरवलं होतं आणि त्या कागदावर सही माझी होती.

तुमच्या अंकासाठी गिरणीतल्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. कुठल्या साली लागलो, कधी बढती मिळाली, हे वाचून कोणाचं पोट भरणार आहे? पण त्या वाक्याने डोकं तापलं आणि लिहायला बसलो. गिरणीचं नाव लिहीत नाही. वर्धा जिल्ह्यातली, नदीकाठची, कापडाची गिरणी होती एवढं पुरे. काळ पन्नास सालानंतरचा. मी आष्टीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. इंटर सायन्सला गचकलो आणि गिरणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटलो. प्रयोगशाळा म्हणजे काय, एक खोली, एक तराजू, चार बुचाच्या बाटल्या आणि एक खिडकी, जिच्यातून भोंग्याचा आवाज थेट कानात शिरायचा.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. कापडात उभा धागा असतो तो ताणा. मागावर त्याला इतके हिसके बसतात, की कोरा धागा तासाभरात तुटून पडेल. म्हणून मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात. खळ म्हणजे पिठाची पातळ कांजी, मोठ्या कढईत वाफेवर शिजवलेली. खळ चांगली तर धागा कडक, गुळगुळीत आणि तगडा. खळ बिघडली की मागावर टाका, म्हणजे ताण्याचा धागा, तुटतो, विणकर शिव्या घालतो, मास्तर विणकराला शिव्या घालतो, आणि ती शिव्यांची रांग फिरत फिरत शेवटी खळ शिजवणाऱ्याच्या दारात येऊन थांबते.

आमच्याकडे खळीच्या दोन कढया होत्या. मोठीवर सोमा कुमरे. आर्वीकडच्या रानालगतच्या गावातला गोंड माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. घरात त्यांची गोंडी, गिरणीत आपली वऱ्हाडी. सोमा खळ कशी तपासायचा? लाकडी दांड्याने थोडी उचलायचा, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरायचा आणि बोटं हळूच लांबवायचा. तार किती ताणते आणि कुठे तुटते ते पाहायचा. मग म्हणायचा, "आणखी धा मिनिटं, बाबू." मला बाबू म्हणायचा, मी वयाने त्याच्या निम्मा असून. त्याच्या बोटांनी पास केलेली खळ मी कधी नापास झालेली पाहिली नाही. दुसऱ्या कढईवर बाबाराव होता, तो मैदानापलीकडच्या जुन्या शेडमध्ये.

आयोडीनची गंमत मला तेव्हाही ठाऊक होती. गावात बातमी होती की गिरणीतल्या बाबूकडे निळं करणारं औषध आहे. कारंज्याचा एक ढाबेवाला महिन्यातून एकदा शेजारच्या जिनिंगमधून सरकी न्यायला यायचा. एकदा तो खवा घेऊन आला. "पाहून द्या ना भाऊ, गवळी मले फसवून राह्यला." मी थेंब टाकला, खवा काळानिळा. ढाबेवाला तिथेच गवळ्याच्या सात पिढ्या काढायला लागला. मी विचारलं, "खवा आणला कशात?" तर म्हणे, घरच्या बेसनाच्या डब्यात, चांगला पुसून! मी त्याला हाकललं आणि सांगितलं, पुढच्या वेळी पितळेच्या डब्यात, घासून आण. आणला, आणि खवा पांढराच्या पांढरा राहिला. थेंब खोटं बोलत नाही. पण तुम्ही त्याला काय विचारलं तेवढंच तो सांगतो, ही अक्कल मला त्या दिवशी आली होती. दुर्दैवाने ती टिकली नाही.

त्या वर्षी मक्याचं पीठ वेळेवर येईना, म्हणून गिरणीने ज्वारीचं पीठ घेतलं. त्याच सुमारास मुंबईकडून नवे केमिस्टसाहेब आले. टाय, पेन, आणि बोलण्यात सदा "शास्त्रीय पद्धत". आल्या आल्या त्यांनी खळ शिजवायचा वेळ कमी केला, कोळसा जास्त जळतो म्हणून. सोमा बोलला, माझ्यासमोर बोलला. "साहेब, हे पीठ भरड हाय. याले मक्याहून जास्त शिजवा लागते." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "वानखडे, याला सांगा, शिजवायचं शास्त्र आम्ही शिकून आलोय."

पंधरवड्यात टाके तुटायला लागले. तुटणारच! कच्ची खळ धाग्याला धरत नाही. पण साहेबांनी सरळ निदान केलं की कढईत पीठच कमी पडतंय, म्हणजे पीठ चोरीला जातंय. शिजवणाऱ्याशिवाय चोरणार कोण? वर हे वाक्य: "जंगलातून आलेली माणसं, यांना सवयच असते." अरे, काय सवय असते? ज्याने वीस वर्षं शेकडो पोती रिचवली आणि मूठभर पीठ इकडचं तिकडे केलं नाही, त्याची सवय तुम्ही पंधरा दिवसांत ओळखली?

चोरी पकडायला साहेबांनी पद्धत काढली. पूर्वी नमुने सकाळी यायचे, खिडकीत पडून राहायचे, आणि प्रयोगशाळेतले आमचे जुने बाबू पान लावून झालं की तपासायचे. ते साहेबांना नामंजूर. नमुना तिथे पडून राहिला तर कोणीही त्यात पीठ कालवेल! म्हणून नवा नियम: खळ कढईतून उकळती घ्यायची, कढईशेजारीच उकळत्या पाण्यात कालवून पातळ करायची, शिशीत भरून बूच लावायचं, प्रयोगशाळेत आणून ताबडतोब थेंब टाकायचा. निळं तर ठीक. नाही तर पीठ नाही. तपासणारा मी, रजिस्टरात लिहिणारा मी.

सोमवारी बाबारावची शिशी निळी, सोमाची शिशी कोरी. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. थेंबाचा पिवळटपणा तेवढा दिसायचा. मी तिन्ही दिवस लिहिलं: ‘रंग नाही.’ खाली सही. मला आश्चर्य वाटलं नाही का? वाटलं. दाट, चिकट खळ समोर दिसत होती, बोटाला लागत होती. पण साहेब शेजारी उभे होते, माझी नोकरी अजून कच्ची होती, आणि थेंब खोटं बोलत नाही असं मीच लोकांना सांगत आलो होतो.

बुधवारी संध्याकाळपासून फाटकावर सोमाची झडती सुरू झाली. भोंगा झाला की सगळी पाळी बाहेर पडायची आणि सोमाला बाजूला उभं करायचे. चौकीदार त्याचं धोतर चाचपायचा, फेटा सोडायला लावायचा, शिदोरीचं फडकं झटकायचा. माणसं बघत बघत जायची. काही हसायची. वीस वर्षं ज्यांच्यासोबत विडी ओढली तीच माणसं! चोरी शाबीत झाली तर नोकरी जाणार, चाळीतली खोली जाणार, आणि चोर म्हणून काढलेल्याला आसपासची कुठलीही गिरणी उभं करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी सोमाची शिशी पुन्हा कोरी निघाली. मी ‘रंग नाही’ लिहिलं आणि साहेबांनी बोलावलं म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. परत यायला अर्धा तास लागला. एरवी मी शिश्या लगेच धुवायचो, त्या दिवशी राहिल्या होत्या. शिश्या धुवायला घेतल्या आणि हातातली शिशी तशीच धरून उभा राहिलो. सोमाची शिशी शाईसारखी निळी झाली होती! खोलीत कोणी आलेलं नव्हतं, कुलूप मीच लावून गेलो होतो. मी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवलं आणि शिशी त्यात ठेवली. पाणी कढत झालं तसा निळा रंग फिका पडत पडत गेला. बाहेर काढून ठेवली. थंडीचे दिवस होते, थोड्याच वेळात निळा परत आला. मी चार वेळा केलं. चारही वेळा तेच. शेवटी ती शिशी न धुता, घट्ट बूच लावून कपाटात ठेवली.

बाबारावची शिशी रोज निळी का, तेही कळलं. त्याची कढई मैदानापलीकडे. तिथून नमुना आणायचा तर मधल्या दारावर पास दाखवा, शिक्का मारून घ्या, तिथला कारकून जागेवर नसेल तर वाट पाहा. पाऊण तास त्यात जायचा. शिशी गार होऊन यायची. सोमाची कढई प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून, वीस पावलांवर. तो बिचारा नियमाप्रमाणे उकळती शिशी उकळतीच देत होता. नियम पाळला म्हणून चोर ठरला!

असं का होतं ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी, एका प्राध्यापकांकडून कळलं. पिठातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. त्यातली एक जात सरळ, बिनफांद्यांची. पण ती ताठ नसते. स्वेटर उसवल्यावर लोकर कशी वेटोळी राहते तशी ती वेटोळी असते. त्या वेटोळ्यांच्या आतल्या पोकळीत आयोडीन ओळीने जाऊन बसतं आणि तेव्हा निळा रंग दिसतो. नुसतं पिष्ट निळं नाही, नुसतं आयोडीन निळं नाही, एकाने दुसऱ्याला आत घेतलं तरच निळं. दुसरी जात फांद्याफांद्यांची. तिच्यात लांब सलग वेटोळं मिळत नाही, म्हणून तिच्यावर रंग तांबूस-जांभळा येतो. आणि उकळतं असताना सगळीच वेटोळी सैल होतात, आयोडीन बाहेर निसटतं, रंग जातो. गार झालं की वेटोळी पुन्हा बसतात, आयोडीन आत शिरतं, रंग येतो. पीठ जिथल्या तिथेच असतं. त्याचा एक कणही कमी झालेला नसतो.

पण हे ‘का’ कळायची गरजच नव्हती. ‘होतं’ एवढं मला गुरुवारी दुपारी कळलं होतं. साहेबांची खोली दहा पावलांवर होती. मी गेलो नाही. माझ्या कायमपणाचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला पडून होतं, आणि त्यांची शास्त्रीय पद्धत गाढवपणाची आहे हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांत काय मोठं होणार आहे?

शुक्रवारी सोमाच्या खोलीची झडती झाली. चाळ गिरणीची, त्यामुळे विचारायचं कोणाला? मडक्यात पायलीभर ज्वारीचं पीठ सापडलं. सापडणारच ना! ज्वारीची भाकर खाणाऱ्याच्या घरी ज्वारीचं पीठ सापडलं! शनिवारी सकाळी साहेबांनी ते पीठ माझ्यासमोर ठेवलं. "वानखडे, टेस्ट करा." थंड पाण्यात चिमूटभर पीठ कालवलं, थेंब टाकला, काळंनिळं. साहेब म्हणाले, "बघा! कढईत नाही ते घरात आहे." वर्ध्यातल्या कुठल्याही घरच्या डब्यातलं पीठ आणा, कलेक्टरच्या बंगल्यातलं आणा, माझ्या आईच्या डब्यातलं आणा, ते निळंच होणार! हे त्या एमएस्सी झालेल्या माणसाला कळत नव्हतं? का कळून घ्यायचं नव्हतं? आणि मला तर कळत होतं. तरी मी लिहिलं: ‘रंग निळा.’ खाली सही.

सोमाची बायको, झिंगुबाई, प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी होती. चौकीदार तिला हटवत होता, ती हटत नव्हती. ती साहेबांना म्हणाली, "आमच्या घरात पीठ नाई राहीन तं काय राखड राहीन? हे माह्या जात्यावरचं पीठ हाय. रोज पहाटं उठून मी दयतो." साहेबांना तिची बोली समजली नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते ही?" मी म्हणालो, "पीठ घरचं आहे म्हणते." साहेब म्हणाले, "सगळे तेच म्हणतात." बाई मग माझ्याकडे वळली. "बाबू, तुमी तं शिकेल माणूस. तुमी सांगा ना यायले." मी शिशी धूत राहिलो.

त्याच दुपारी माझं कायमपणाचं पत्र आलं. साहेबांची सही ठळक, वळणदार. सोमवारी सोमाची चौकशी होती आणि त्या चौकशीत मी बोललो. म्हणजे माझा शूरपणा केवढा, ते वाचकांनीच बघावं.

चौकशीला व्यवस्थापक होते, साहेब होते, लेबर खात्याचा एक माणूस होता. सोमा भिंतीशी उभा, फेटा हातात. साहेबांनी रजिस्टर वाचलं. ‘रंग नाही, रंग नाही, रंग नाही, रंग नाही. घरच्या पिठात रंग निळा.’ प्रत्येक ओळीनंतर, "सही वानखडे." व्यवस्थापकांनी सोमाला विचारलं, काय म्हणायचं आहे? सोमा म्हणाला, "म्या पीठ पुरं टाकलं. त्या शिशीत काय होते ते मले काय मालूम? मले खळ मालूम हाय. मी चोर नाई."

मी उठलो. गंज आणि स्टोव्ह मी आधीच आणून ठेवला होता. म्हणालो, "साहेब, ही गुरुवारची सोमाची शिशी. रजिस्टरात कोरी लिहिलेली." ती निळीशार होती. पाण्यात ठेवली, पाणी तापलं, निळा गेला. टेबलावर ठेवली. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. शिशीच्या बुडाशी आधी एक निळसर रेघ आली, मग ती वर चढत गेली. व्यवस्थापकांनी शिशी हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग मी बेधडक त्यांच्याच घरचं पीठ मागवलं. शिपाई धावत जाऊन वाटीभर गव्हाचं पीठ घेऊन आला. थेंब टाकला, काळंनिळं. म्हणालो, "आता तुमच्या घराचीही झडती घ्यावी लागेल." व्यवस्थापक मोठ्याने हसले. साहेब हसले नाहीत.

सोमा सुटला. पण कसा सुटला ते ऐका. कागद निघाला तो असा: ‘नमुने यापुढे थंड करून तपासावेत.’ खाली साहेबांची सही, वर मथळा ‘सुधारित शास्त्रीय पद्धत’. पुढे मुख्य कचेरीतून त्यांना शाबासकीचं पत्र आलं. खळ शिजवायचा वेळही गुपचूप वाढवला, टाके तुटायचे थांबले, त्याचंही श्रेय त्यांना. सोमाला कोणी चुकलं म्हणालं नाही. फाटकावरच्या चौकीदारानेही नाही. मडक्यातलं पीठ परत द्यायचं कोणाला सुचलं नाही, ते प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पाखरं पडेस्तोवर पडून राहिलं. मी व्यवस्थापकांना म्हणालो, रजिस्टरातल्या त्या ओळी तरी खोडू द्या. ते म्हणाले, "रजिस्टरात खाडाखोड करत नसतात, वानखडे. झालं गेलं सोडा."

चौकशी संपल्यावर मी सोमाच्या मागे पायऱ्या उतरलो. मला, खरं सांगतो, थोडी शाबासकी हवी होती. माझ्यामुळे सुटला होता ना! सोमा फेटा बांधत उभा राहिला.

"बाबू, लय उपकार झाले," तो म्हणाला. "हे शिशीचं तुमाले कवा समजलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, असं म्हणालो असतो तर त्याला कुठे कळणार होतं? पण तोंडातून निघून गेलं, "गुरुवारी."

त्याने बांधता बांधता हात थांबवले. "म्हंजे शुक्रवारी माह्या घरची झडती झाली तवा तुमाले मालूम होतं."

मी एका हातातला स्टोव्ह दुसऱ्या हातात घेतला.

"अन् शनिवारी बायको तुमच्या दारात उभी होती तवाबी मालूम होतं."

"सोमा, माझी नोकरी कच्ची होती रे," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला. "माही पक्की होती. वीस वर्साची." आवाज चढवला नाही त्याने. फेट्याचा शेव खोचला आणि कढईकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी नमुना घ्यायला गेलो. इतके दिवस तो शिशी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात द्यायचा, पोळेल म्हणून. त्या दिवशी त्याने शिशी भरली, बूच लावलं, फरशीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. "उचला, बाबू," म्हणाला. तो गिरणीतून निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं, मी रोज सकाळी त्याच्यासमोर वाकून ती शिशी उचलली.